हरलेल्यांची सोय

घरी गेमची स्पर्धा ठेवतेय म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "कुठला गेम?" ते ठरवणं सोपं असतं. अवघड असतं ते संध्याकाळी साडेसहाला हरून बसलेल्या माणसाचं नऊपर्यंत काय करायचं, हे. बोरिवलीहून दादरला गाडी बदलून कोणी ठाण्याला येणार, दहा मिनिटं खेळणार, आणि मग सोफ्याच्या कोपऱ्यात मोबाइल चाळत बसणार. अशा स्पर्धांना मी गेलेय. शेवटी टीव्हीसमोर दोघंच रंगलेले असतात आणि बाकीचे जेवण कधी लागतंय याची वाट बघत असतात.

आमचा गेम ठरलेलाच होता: टेकन 3, दोघांनी समोरासमोर मारामारी करायचा. 1998 साली तो प्लेस्टेशनवर आला आणि आमच्या गल्लीतल्या मुलांचा खाऊचा पैसा गेम पार्लरच्या गल्ल्यात जायला लागला. मुलांचाच, कारण आमच्याकडच्या पार्लरमध्ये मुली जात नसत. दादा आत असायचा आणि मी बाहेर त्याची सायकल सांभाळत उभी. घरी कॅसेटवाला टीव्ही गेम होता, निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची स्वस्तातली नक्कल. त्यातही पहिला रिमोट दादाचा. दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणंच नव्हती. ही नकलेची काटकसर असेल असं मला बरीच वर्षं वाटायचं, पण 1983 च्या मूळ जपानी यंत्रातही ती फक्त पहिल्या रिमोटवर होती. दुसऱ्यावर त्या जागी छोटा मायक्रोफोन होता. आमच्याकडे मायक्रोफोनही नव्हता. गेम सुरू कधी करायचा आणि थांबवायचा कधी, हे सगळं दादाच्या अंगठ्याखाली. तेव्हा आता माझ्या घरी, माझ्या टीव्हीवर टेकन लागणार म्हटल्यावर नियम कोण करणार हा प्रश्नच नव्हता.

यंत्र मावसभावाने परदेशातून आणून दिलं होतं. जुन्या प्लेस्टेशनची तळहातावर मावणारी ही आवृत्ती सोनीने 2018 च्या डिसेंबरात काढली. आत 20 गेम भरलेले, त्यातला एक टेकन 3, आणि सोबत दोन वायरवाले कंट्रोलर. एक मात्र लक्षात ठेवावं लागतं. टेकनमध्ये सुरुवातीला दहाच खेळाडू निवडता येतात. बाकीचे एकट्याने गेम पुन्हापुन्हा पूर्ण केल्याशिवाय उघडत नाहीत. त्यामुळे रात्री भांडी आवरली की मी आणि नवरा आळीपाळीने खेळत बसायचो. कुमा नावाचं अस्वल उघडलं, आणि मोकुजिन हा लाकडी ठोकळाही. या मोकुजिनला स्वतःची अशी शैलीच नाही, तो कधी कोणाची उचलेल सांगता येत नाही. पाहुणे यायच्या आधीच आमच्या घरात बऱ्यापैकी भांडणं होऊन गेली होती.

मग कागद-पेन घेऊन बसले. खेळणारे आठ. बाद पद्धत धरली तर सात सामने, आणि पहिल्या फेरीनंतर चार जण मोकळे. साखळी पद्धतीत प्रत्येकाशी प्रत्येक, म्हणजे 28 सामने. पहाटेचं दूध घेऊनच लोक घरी जातील. म्हणून दोनदा हरल्यावर बाद, हा मार्ग घेतला. पहिल्यांदा हरलात की पराभूतांच्या फेरीत उतरायचं आणि तिथून जिंकत जिंकत अगदी अंतिम सामन्यापर्यंत यायचं. आठ जणांत 14 सामने होतात, फार तर 15. पाच-पाच मिनिटांचा एक सामना धरला तर सव्वा तास, आणि आपल्या लोकांच्या गप्पा मिळवल्या की दोन.

मारामारीच्या गेम्सची जगातली सर्वांत नावाजलेली स्पर्धा, अमेरिकेतली इव्हो, याच पद्धतीने चालते. 2004 साली कॅलिफोर्नियात तिथे जपानचा डायगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग स्ट्रीट फायटर 3 मध्ये भिडले होते. डायगोची ताकद संपून केसाएवढी रेघ उरलेली. वाँगच्या चुन-लीने लाथांची सरबत्ती सोडली. डायगोने एकेक लाथ अचूक क्षणी परतवली आणि उलटून डाव जिंकला. प्रेक्षकांचा तो आरडाओरडा आजही लोक पुन्हापुन्हा लावून बघतात. ही लढत पराभूतांच्या फेरीतली शेवटची होती. दोघंही आधी एकेकदा हरलेले. बाद पद्धत असती तर ही लढत झालीच नसती. दादा म्हणाला, "एवढ्या थोर लोकांची उदाहरणं कशाला, मी हरणारच नाहीये."

शनिवारी सगळे जमल्यावर पहिला अर्धा तास टीव्हीनेच खाल्ला. दादा म्हणे, "मी बटण दाबतोय आणि माणूस नंतर मारतोय." हे त्याचं बहाणा करणं नव्हतं. हल्लीचे टीव्ही चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात ते पडद्यावर आणायला जरा उशीर करतात. सिनेमा बघताना तो कळत नाही, ठोसा अडवताना मात्र लगेच कळतो. सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधून चालू केला आणि तक्रार मिटली. मग चिठ्ठ्या टाकल्या.

नियम दोनच. तेलकट हाताने कंट्रोलरला शिवायचं नाही, आणि डाव चालू असताना स्टार्ट दाबून गेम थांबवला तर तो डाव गेला. दुसरा नियम मी मनाने काढलेला नाही, मोठ्या स्पर्धांतही डाव मध्येच थांबवला की तो गमवावा लागतो.

दादाला तिसरा नियम हवा होता: एडी गॉर्डोवर बंदी. ज्यांनी टेकन खेळलंय त्यांना हे दुखणं ठाऊक आहे. एडी कापोएरा खेळणारा ब्राझिलियन. त्याला घेऊन फुली आणि गोल ही लाथांची दोन बटणं कशीही बडवली तरी तो जमिनीवर हात टेकून असा गरगरतो की समोरच्याला सुधरत नाही. मी बंदी घातली नाही. आठांत दोघीजणी पहिल्यांदाच कंट्रोलर हातात धरणार होत्या, त्यांना काहीतरी आधार नको? माझ्या ऑफिसातल्या अकाउंट्सच्या मैत्रिणीने एडीला घेतलं, डोळे किलकिले केले आणि दादाला सलग दोन डावांत लोळवलं. पहिल्या फेरीतच! दादा मागचं बटण धरून अडवत राहिला. त्याने वरचे आणि मधले वार अडतात. पायाशी येणारी लाथ खाली बसूनच अडवावी लागते. पार्लरमध्ये कमावलेलं एवढं ज्ञान घाईत आठवलं नाही.

आता गंमत बघा. बाद पद्धतीत दादा तिथेच संपला असता आणि "हा काय गेम आहे" म्हणत बाल्कनीत गेला असता. इथे तो सतरंजीवर मांडी ठोकून बसला, इतरांचे सामने बघू लागला, एडी कधी खाली मारतो हे कुजबुजत मोजू लागला. दोन तासांत एकही जण मोबाइलला चिकटला नाही, कारण प्रत्येकाला कोणाशी ना कोणाशी पुन्हा भिडायचं होतं. पराभूतांच्या फेरीत तीच मैत्रीण समोर आली तेव्हा दादाने खाली बसून बसून तिला हरवलं. टाळ्या तिलाच जास्त पडल्या. पुढच्या सामन्यात माझ्या नवऱ्याचा मोकुजिन अंगावर आला, दादाचा अंगठा घसरला आणि चुरशीच्या शेवटच्या डावात पडदा जागच्या जागी थांबला. स्टार्ट! रचून सांगतेय असं वाटेल, पण साक्षीदार सहा आहेत. मी कागदावर शांतपणे नवऱ्याचं नाव लिहिलं. जिंकला शेवटी वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा. गेम आला तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता.

खाण्याचं सांगते, कारण यजमानाची अर्धी डोकेदुखी तीच. खेळ चालू असताना भजी, वेफर्स, फरसाण काहीही बाहेर काढायचं नाही. कोरडी भेळ वाट्यांत, चमच्याने. कोथिंबीरवडी टूथपिक खोचून. कंट्रोलरशेजारी ओला नॅपकिन. पावभाजी अंतिम सामना झाल्यावरच, म्हणजे लोक भुकेपोटी सामने लवकर उरकतात. आणि दहाच्या आत आरडाओरडा थांबवायचा, सोसायटीत आपल्याला उद्याही राहायचंय.

एक टीव्ही असेल तर आठांच्या वर माणसं बोलावू नका. सोळा बोलावलीत तर याच पद्धतीने किमान 30 सामने होतात आणि पावभाजी मध्यरात्री वाढावी लागते.