पट्टीवरची फिकट रेघ

दसऱ्याच्या आधीचा आठवडा. तेलगाव भागातल्या ऊसतोड टोळ्या निघायच्या तयारीत होत्या. त्याआधी गरोदर बायांची एचआयव्ही तपासणी व्हावी म्हणून आम्ही एका वस्तीवर शिबिर घेतलं. तपासणी माझ्याकडे होती. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर सोडायचा, त्यावर द्रव घालायचा आणि ठरलेल्या वेळेत वाचायचं. कंट्रोलची रेघ उमटली तर तपासणी ग्राह्य. तिच्यासोबत दुसरी उमटली तर 'रिअ‍ॅक्टिव्ह'.

रांग मोठी होती. एका बाईची पट्टी वीस मिनिटांच्या आत वाचायची होती. मी हातात घेतली तेव्हा पाऊण तास झाला होता. दुसरी रेघ दिसत होती, फिकट. उशीर झालेली पट्टी धरायची नसते, नव्या पट्टीवर पुन्हा तपासायचं असतं, हे मला माहीत होतं. मी तपासलं नाही. सासू शेजारी उभी असतानाच सांगून टाकलं, "ताई, पॉझिटिव्ह आलंय."

"साहेब, पोटातल्या लेकराचं काय व्हईल?" एवढंच तिनं विचारलं.

उशीर झालेली पट्टी धरली, सासूसमोर सांगितलं; माझी तिसरी चूक 'पॉझिटिव्ह' या शब्दाची होती. हजार माणसांत चौघांना संसर्ग आहे, आणि निरोगी शंभरांतल्या एकाला पट्टी चुकून रिअ‍ॅक्टिव्ह दाखवते, असं धरा. मग चार खऱ्यांसोबत दहा खोटे निघतात. पट्टी चांगली असूनही! म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, पद्धतीत तीन वेगवेगळ्या किटवर रिअ‍ॅक्टिव्ह आल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये सगळ्या देशांना हेच सांगितलं. हे शिकूनही मी एका पट्टीवर निकाल दिला.

मोठ्या केंद्रावर तिची तपासणी निगेटिव्ह आली. संसर्ग ताजा असेल तर प्रतिपिंडं उशिरा दिसतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा केली, तीही निगेटिव्ह. पण पहिला अहवाल हाती येईपर्यंत तिला माहेरी धाडलं होतं. मुकादमाची उचल अंगावर होती, म्हणून नवरा जोडीशिवाय, अर्धा कोयता होऊन एकटाच ऊसतोडीला गेला.

तिच्या सांगण्यावरून मी अहवाल घेऊन सासरी गेलो, हात जोडले. सासू म्हणाली, "तवा बी तुमीच सांगितलं व्हतं की."

आता प्रत्येक पट्टीवर मी पेनाने वेळ लिहितो. रांग थांबली तरी चालेल, वाचन चुकवत नाही. निकाल एकटीला सांगतो. २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्हीविषयीच्या कायद्यानेही ही गुप्तता बंधनकारक केली आहे. आणि पहिली पट्टी रिअ‍ॅक्टिव्ह आली तर म्हणतो, "ताई, ही पहिली चाळणी आहे. अजून काही ठरलेलं नाही. खात्रीच्या तपासणीला मी सोबत येतो." आणि जातो.