सुवर्णभूमीचें प्रथम दर्शन

धाराशिवसारख्या पावसाला पारख्या मुलखांत ज्याची हयात गेली, त्याला बँकॉकच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकतांच प्रथम जाणवते ती हवेंतील ओल. भिजलेल्या पंचाप्रमाणें ती अंगास चिकटते. चिरंजीवांच्या आग्रहानें थायलंड पाहण्याचा योग नुकताच आला. विमानतळाचें नांव ‘सुवर्णभूमि’ वाचून मनांत आलें, परदेश कसला, हें तर आपलेंच घर! हा अभिमान जेमतेम दोन दिवस टिकला. त्याचीच ही हकीकत.

अभिमानास खाद्य पुष्कळ मिळालें. तेथील नमस्काराचा शब्द ‘सवत्दी’, तो आपल्या ‘स्वस्ति’वरून घडविलेला. जुनी राजधानी अयुध्या, तिचें नांव अयोध्येवरून. ती १७६७ सालीं ब्रह्मदेशाच्या सैन्यानें उद्ध्वस्त केली. १७८२ पासून गादीवर असलेल्या चक्री वंशांतील राजांस ‘राम’ हीच उपाधि. खरें खाद्य मात्र दुर्मिळ! भाजींतही माशांचा अर्क असतो. शाकाहारी मंडळींनीं ‘जे’ हा एक शब्द पाठ करावा. त्या अक्षराचें पिवळें निशाण दिसलें कीं निर्धास्तपणें बसावें.

राजवाड्याच्या आवारांतील बुद्धमंदिराभोवतीं भिंतींवर रामकथेचीं १७८ चित्रें आहेत. तीं दाखवितांना मार्गदर्शक मुलगी सांगूं लागली, कीं सेतूचे दगड पळविणाऱ्या सुवर्णमत्स्या नामक रावणकन्येवर हनुमंताचें प्रेम जडलें. मीं तिला तेथेंच थांबविलें. “मुली, हें साफ चूक आहे. हनुमान ब्रह्मचारी!” ती हात जोडून नम्रपणें म्हणाली, “ख्रू, तुमच्या रामायणांत तसें असेल. हें आमचें आहे.”

‘ख्रू’ म्हणजे गुरु. तो शब्द ऐकून सुखावलों आणि उत्तर ऐकून खजील झालों. त्यांच्या पहिल्या रामराजाच्या आश्रयानें ‘रामकियन’ १७९७ सालीं सिद्ध झालें. आपल्या मोरोपंतांनीं एकशेंआठ रामायणें रचिलीं अशी ख्याति आहे. त्यांना कोणी वाल्मीकीची वही पुढें ठेवून गुण दिले नाहींत. मग दुसऱ्याच्या घरीं जाऊन तांबडी शाई काढण्याचा अधिकार मला कोणीं दिला?

परततांना विमानतळांतील समुद्रमंथनाचें भव्य शिल्प पाहिलें. या वेळीं ‘आपलें’ हा शब्द ओठांवर आला नाहीं. दुसऱ्यांनीं तें किती प्रेमानें सांभाळलें आहे, एवढेंच दिसलें. आणि मनाला टोंचणी लागली. आपल्या जिल्ह्यांतील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवृत्तांत तगराहून भडोच बंदरास गाड्यांतून जाणाऱ्या कापडाचा उल्लेख आहे, आणि गंगेपलीकडील ‘ख्रिसे’ म्हणजे सुवर्णदेशाचाही आहे. गोरोबाकाकांच्या दर्शनास तेरला मी अनेकदां गेलों, परंतु तेथील लामतुरे संग्रहालयाची पायरी कधीं चढलों नव्हतों.

घरीं आल्यावर नातवास घेऊन तेथें गेलों. इटलींतील पाँपी येथें सांपडलेल्या मूर्तीशीं साम्य असलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ति पाहून त्यानें विचारलें, “आजोबा, ही कोण?” उत्तर जिभेवर आलें होतें, तें गिळून म्हटलें, “आधीं नीट पाहा, मग तुला काय वाटतें तें मला सांग.”