नारायण पेठेत शिजला बोलोन्याचा रागू

पुण्याच्या नारायण पेठेत आलात तर पायीच फिरा बरं का! इथल्या गल्ल्यांत गाडी घालणं म्हणजे डोक्याला ताप. नारायणराव पेशव्यांच्या नावाची ही पेठ. एका अंगाला मुठा नदी, दुसऱ्या अंगाला लक्ष्मी रस्त्याची गर्दी. पत्र्या मारुतीला नमस्कार करा, केसरीवाड्यात डोकवा. तो पूर्वी गायकवाड वाडा होता. १९०५ साली लोकमान्य टिळकांनी विकत घेतला.

माझी मावशी याच पेठेतल्या एका जुन्या वाड्यात राहते. लाकडी जिना, सामाईक गॅलरी. एका घरात फोडणी पडली की चार घरं शिंकतात! गेल्या सुट्टीत मावसभाऊ इटलीतल्या बोलोन्या शहरात शिकून परत आला. म्हणाला, "उद्या रागू करू." रागू म्हणजे खिम्याचा दाट रस्सा. तो पास्त्याला लावून खातात.

पण शेजारच्या आजी पक्क्या शाकाहारी. रागू तीन तास शिजणार, वास गॅलरीभर पसरणार. 'आमचं घर, आम्ही काहीही शिजवू,' असं मावशीला म्हणता आलं असतं. तिने मात्र आजींचं दार वाजवलं.

"काकू, उद्या आमच्याकडे खिमा आहे. वास येईल. चालेल ना?"

आजी क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "विचारलंस ना, झालं तर मग! मी दार लोटून घेईन."

दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला लागलो. १९८२ साली बोलोन्यातल्या पाककलेच्या जाणकारांनी रागूची कृती चक्क तिथल्या व्यापारी मंडळाच्या दप्तरात नोंदवून ठेवली आहे! तिकडे गाई-डुकराचं मांस घालतात. आम्ही अर्धा किलो मटणाचा खिमा आणला. कांदा, गाजर आणि सेलरीचे दांडे अगदी बारीक चिरून तेलात मऊ होईपर्यंत परतले. मग खिमा घातला. त्याचं पाणी आटून तो चरचरायला लागल्यावर थोडा टोमॅटोचा रस, मीठ, मिरपूड आणि गरम पाणी. नंतर गॅस अगदी बारीक! शेवटी अर्धी वाटी दूध. दुधाने टोमॅटोचा आंबटपणा कमी होतो. (तुम्ही करणार असाल तर मोठं माणूस जवळ हवं.)

"कुकरला लावला तर?" मी विचारलं.

"मऊ होईल गं, पण पाणी आटणार नाही," भाऊ म्हणाला. मांसातले चिवट धागे मंद आचेवर हळूहळू विरघळतात, पाणी आटतं आणि रस्सा दाट होतो. घाई करून चालत नाही.

पातेलं रटरटत होतं तेव्हा भावाने एक गोष्ट सांगितली. बोलोन्या ज्या एमिलिया-रोमान्या प्रांतात आहे, तिथेच सेनिओ नावाची नदी आहे. दुसऱ्या महायुद्धात, ९ एप्रिल १९४५ रोजी, मराठा पलटणीतले नगर जिल्ह्याचे शिपाई नामदेव जाधव तिथे लढले. गोळ्यांच्या वर्षावात त्यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून सुखरूप नेलं. मग शत्रूची मशिनगनची तीन ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून शिवरायांचा जयघोष केला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रागूच्या मुलखात मराठी माणसं अशीही जाऊन आली आहेत!

एवढ्यात कडी वाजली. दारात आजी! हातात त्यांचं स्वतःचं पातेलं.

"सकाळी कांदा-गाजर परतत होतात ना, तो वास छान होता. मांस न घालता होतं का रे काही?"

भाऊ हसला. "आजी, मसूर घालून करू की!"

आजींच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच पातेल्यात, त्यांच्याच सुरीने चिरून मसुराचा रागू शिजला. त्याला तासभर पुरला. संध्याकाळी आम्ही सगळे गॅलरीत बसलो. आमच्या ताटात खिमा, आजींच्या ताटात मसूर, पास्ता मात्र दोन्हीकडे तोच!

आजींनी पहिला घास घेतला. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या, "पण चिमूटभर गोडा मसाला पडायला हवा होता."