पूर्ण पत्ता

३ जून
पहाटेच केदारेश्वराचे देऊळ. उत्तरेच्या भिंतीचे फोटो संपवले. ऊन चढल्यावर दगड हात लावू देत नाही.

४ जून
फोटो गेले.
रात्री सफाईचा प्रोग्रॅम चालवला. तात्पुरते फोल्डर पुसायचे, एवढेच काम. सेटिंगमध्ये फोल्डरचे नाव रिकामे राहिले होते. मूळ फोल्डरला रिकामे नाव जोडले की मूळ फोल्डरच उरते. तेच पुसले.
कालचे कार्डात आहेत. जानेवारीचे गेले.

५ जून
प्रोग्रॅमची भाषा हॅस्केल आहे म्हणून निर्धास्त होतो. पण तिथला फाइलपाथ म्हणजे नुसती स्ट्रिंग. नाव वेगळे, माल तोच. उजवीकडे तिरक्या रेघेने सुरू होणारा पाथ जोडला, तर डावीकडचा सगळा गुपचूप टाकून देतो. आज करून बघितले. खरेच.

६ जून
कुरिअरवाल्याचा फोन. बाबांनी घेतला. "पारापासून डावीकडं वळ, गिरणीच्या समोर."
"काका, पार कुठंय तेच सापडंना."
बाबा गिरणीच सांगत राहिले.

७ जून
क्रिस डन यांची 'पाथ' लायब्ररी. प्रत्येक पाथच्या टाइपवर दोन खुणा: पूर्ण की सापेक्ष, फाइल की फोल्डर. खुणा फक्त कंपायलरला दिसतात. प्रोग्रॅम चालताना त्यांचे वजन शून्य. जोडताना डावीकडे फोल्डरच हवे, उजवीकडे सापेक्षच. नाहीतर कंपाइलच होत नाही.
बाबांचा पत्ता: सापेक्ष, फाइल.

८ जून
स्ट्रिंगचा पाथ करायचा तर पार्स करूनच. नेहमीची दुसरी वाट ठेवलेली नाही. गावाला एकच वेस. रिकामे नाव परत पाठवले. दोन ठिपके, म्हणजे वरच्या फोल्डरात चढायची खूण, तेही परत.

९ जून
दिवसभर लाइट नाही.

१० जून
कंपायलरने ४१ चुका काढल्या. सगळ्या माझ्याच. एका ठिकाणी फोटोच्या नावानंतर फोल्डर जोडत होतो. वर्षभर चालले कसे?
संध्याकाळी शून्य. चहा गोड लागला.

११ जून
झोप नाही. उठून तपासले. एक ठिपका वेशीतून आत येतो. 'इथेच' असा अर्थ, म्हणून सापेक्ष फोल्डर. मूळ फोल्डर अधिक इथेच: मूळ फोल्डर.
पुसण्याआधी 'हे मूळ फोल्डर नाही ना' ही अट शेवटी हातानेच लिहिली. एकच ओळ.

१२ जून
किल्ल्यावर. तटात देवळाचे कोरीव दगड बसवलेले. एक मूर्ती आडवी. तिचा फोटो कुठल्या फोल्डरात ठेवायचा? तट माहीत आहे. ती मूळची कुठल्या भिंतीतली, ते नाही.
'किल्ला, तट, आडवी' असे ठेवले. कंपाइल झाले.

१३ जून
जानेवारीची यादी दुसऱ्या डिस्कवर सापडली. नुसती नावे, २१२. सगळी नव्या पार्सरमधून घातली. एकही नाकारले नाही.
उघडायला गेलो. एकही फाइल नाही.

१४ जून
रात्री पाऊस. दगड गार असेल. बॅटरी चार्ज केली. दक्षिणेची भिंत, पहिल्यापासून.