सासूबाईंची घोंगडी

गेल्या दिवाळीत आमच्या चिरंजीवांनी मित्रांबरोबर अस्तंभाच्या यात्रेला जायचं ठरवलं. सातपुड्यातलं हे शिखर धनत्रयोदशीच्या सुमारास चढतात. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत अश्वत्थामा तिथे फिरतो, अशी श्रद्धा.

चिंचपाड्याला तेव्हा दुपारी पंखा लागत होता. सासूबाईंनी मात्र माळ्यावरची घोंगडी काढून पिशवीत भरली. मी म्हटलं, "अहो आई, एवढ्या उकाड्यात हे ओझं कशाला?" आणि घोंगडी बाहेर काढून ठेवली. त्या गप्प बसल्या.

पोरगं परतलं ते घसा बसलेलं. रात्रभर दोघांनी एका चादरीत दात वाजवत काढली म्हणे!

मग त्याचंच भूगोलाचं पुस्तक उघडलं. अस्तंभा १३२५ मीटर उंच. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे तळोद्याकडच्या सपाटीपेक्षा शिखर सात-एक अंश गार! शिवाय वर वाऱ्याला आडोसा नाही. एका अंगाला नर्मदेचं खोरं, दुसऱ्या अंगाला तापीचं. चढताना घामानं भिजलेला सदरा मग अंगावर बर्फासारखा होणारच.

सासूबाईंनी हे पुस्तक वाचलेलं नाही. पण त्यांचं माहेर धडगावकडचं, डोंगरातलं. विचारायला हवं होतं, ते मी विचारलंच नाही.

यंदा धाकटा जाणार आहे. घोंगडी मीच उन्हात घातली, वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्यात बांधून ठेवली. सासूबाई बघून हसल्या, बोलल्या मात्र काही नाहीत.