मागच्या आंसाची ओळख

यंत्रांचा विषय निघाला कीं आपल्याकडील सुशिक्षित घरांत तो बहुधा ‘कारागिराचें काम’ म्हणून बाजूस सारला जातो. पुस्तकांत असतें तें ज्ञान, आणि हाताला तेल लागलें कीं ती मजुरी, अशी आपली एक जुनी समजूत आहे. गेलीं कांहीं वर्षें उन्हाळ्याचे दोन-तीन महिने मी अमेरिकेंत ओहायो संस्थानांत माझ्या मुलीकडे राहतें. तिचा व जांवईबापूंचा तेथें भाजीपाल्याचा लहानसा मळा आहे, आणि ओझीं वाहण्यासाठीं १९८६ सालची एक फोर्ड एफ-१५० पिकअप मोटार आहे. या जुन्या गाडीच्या मागच्या आंसाची ओळख पटवितांना जें पाहावयास मिळालें, तें आमच्या वाचकभगिनींस व बंधूंसहि रुचेल असें वाटतें.

प्रसंग साधाच होता. उतारावर ब्रेक दाबला कीं मागून खरखर ऐकूं येऊं लागली. याच गाडींतून माझीं दोन नातवंडें शाळेंत जात, आणि आठवड्यांतून एकदां गवताच्या गठ्ठ्यांनीं भरलेली ती टेकडी उतरत असे; तेव्हां हयगय करण्याजोगी गोष्ट नव्हती. सुट्या भागांच्या एका दुकानांत चौकशी केली, तों तेथील माणसानें गाडीचें नांव आणि साल एवढेंच विचारून ब्रेकशूंचा एक जोड पुढें केला. मुलीनें तो घेतला नाहीं. ती म्हणाली, “आई, त्या सालीं या गाडीला दोन तऱ्हांचे आंस येत होते, आणि मागचे ब्रेकहि दहा इंची व अकरा इंची अशा दोन मापांचे होते. आपल्याजवळ काय आहे तें आधीं पाहूं, मग पैसे देऊं.”

फोर्डचा ‘नऊ इंची’ म्हणून प्रसिद्ध असलेला आंस १९५७ च्या गाड्यांपासून वापरांत आला. १९८३ पासून ‘८.८ इंची’ आंस हळूहळू त्याची जागा घेऊं लागला, आणि १९८६ नंतर जुना मागें पडला. हे आकडे आंतील मोठ्या दंतचक्राच्या व्यासाचे होत. पण तें चक्र बाहेरून दिसत नाहीं. म्हणून ओळख पटवावयाची ती पेटीच्या आकारावरून. ८.८ इंची आंसाच्या पाठीमागें दहा बोल्टांनीं बसविलेलें पत्र्याचें झांकण असतें. नऊ इंचीची पाठ मात्र घुमटासारखी गुळगुळीत असते. तिला झांकण नाहीं, आणि दंतचक्रांचा सर्व संच पुढच्या बाजूनें निघतो. नुसते बोल्ट मोजून भागत नाहीं. जनरल मोटर्सच्या जुन्या पिकअप गाड्यांत चौदा बोल्टांच्या झांकणाचे आंस ९.५ इंची व १०.५ इंची असे दोन्ही आढळतात. त्यासाठीं झांकणाचा आकार व चाकाचा मध्यभागहि पाहावा लागतो.

आंसाचा आणि ब्रेकचा संबंध काय, असें मीं विचारलें. नऊ इंचींत चाकाचा दांडा बाहेरच्या टोकाशीं, ब्रेकच्या पाठच्या ताटलीजवळ, चार बोल्टांच्या पट्टीनें धरलेला असतो, ८.८ इंचींत तो आंत, पेटीच्या मध्यभागीं, एका लहानशा अर्धगोल कडीनें अडकविलेला असतो. त्यामुळें ब्रेकची ताटली बसविण्याची रचनाच निराळी होते.

दोन्ही मायलेकी कामाला लागलों. पुढचीं चाकें ओंडक्यांनीं अडवून, मागचा भाग उचलून तो लोखंडी घोड्यांवर टेकविला. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं जाऊं नये, हा तिचा दंडक. माप लिहिलेली लहान पट्टी गंजून गेली होती. दाराच्या खांबावरील पत्रकांत आंसाचा संकेत होता. पण चाळीस वर्षांच्या गाडींत एकदां आंस बदललेला असला, तर तो संकेत निरुपयोगी. पाठ पाहिली, ती गुळगुळीत. आंस नऊ इंची ठरला.

मग ड्रम काढला. जुन्या ब्रेकच्या धुळींत ॲस्बेस्टॉस असूं शकतें, म्हणून ती फुंकून उडविली नाहीं. ओल्या फडक्यानें टिपून घेतली. ड्रमवर ओतलेला आकडा नव्या ड्रमाच्या व्यासाचा नसून, झिजून तो जास्तींत जास्त किती होऊं द्यावा याची मर्यादा असते. म्हणून आंतील व्यास प्रत्यक्ष मोजला. तो अकरा इंचांहून किंचित् अधिक भरला, आणि ब्रेकशूची रुंदी सव्वादोन इंच. दुकानदारानें पुढें केलेला जोड दहा इंची होता. त्याची वक्रता या ड्रमाशीं जुळलीच नसती. थोडक्या जागीं घासून धरला असता, आणि भरलेली गाडी टेकडी उतरतांना त्याचा काय उपयोग झाला असता, हें सांगावयास नको.

जड गाड्यांत आणखी एक प्रकार असतो, तो मला फार आवडला. तेथें गाडीचा सारा भार आंसाची पेटी व तिच्या टोकावरील नळी उचलते. आंतील दांड्याचें काम केवळ चाक फिरविण्याचें. हलक्या गाड्यांत एकाच दांड्याला भारहि वाहावा लागतो आणि चाकहि फिरवावें लागतें. मोठ्या कुटुंबांत कोणी भार उचलावा आणि कोणी चाक फिरतें ठेवावें, याची वांटणी जेथें सुरळीत असते तेथें कोणी मोडून पडत नाहीं. आणि जेथें दोन्ही कामें एकाच सुनेच्या पाठीवर येतात, तेथें काय होतें तें आपण सर्वजण जाणतों.

आपल्या मुलींना संस्कृत, गणित, संगीत अवश्य शिकवावें. त्याबरोबरच घरांतील शिलाईचें यंत्र, पाण्याचा पंप, दारांतील मोटार यांजकडेहि निर्भयपणें पाहावयास शिकवावें. दुकानदार सांगतो म्हणून न घेतां, आधीं मोजून मग घेणें, हीहि एक विद्याच आहे. आणि तिच्यावर घरांतल्या माणसांचे प्राण अवलंबून असूं शकतात.