शीट, जर्नल आणि साडेतेवीस मिनिटांचं गाणं

पुण्यात आमच्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर सबमिशनचा आठवडा आला की रात्री कुणी झोपायचं नाही. दोन खाटा थोड्या लांब सरकवायच्या, मध्ये काच आडवी टाकायची, खाली ट्यूबलाइट पेटवायची आणि वर शीट लावून जीटी मारायला, म्हणजे खालच्या शीटवरचं ड्रॉइंग गिरवायला, बसायचं. ग्लास ट्रेसिंगला हात आणि डोळे लागतात, कान मोकळे राहतात. त्या मोकळ्या कानांमुळेच मी प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकायला लागलो.

हॉस्टेलच्या लॅनवर डीसी या फाइल-शेअरिंग सॉफ्टवेअरमधून कुणाचा तरी पिंक फ्लॉइडचा फोल्डर उतरवला होता. त्यात ‘एकोज’ सापडलं, १९७१ च्या ‘मेडल’ अल्बममधलं, साडेतेवीस मिनिटांचं. सुरुवातीला पियानोचा एकच टोकदार सूर, पाण्याखालून यावा तसा. थोडी शांतता, पुन्हा तोच सूर. गाण्याला कसलीच घाई नाही! लेक्चर, प्रॅक्टिकल, मेसची वेळ, व्हायवा असे दिवसाचे तुकडे पडलेले असताना कुणीतरी एवढा सलग वेळ मागतंय, याचंच मला अप्रूप वाटलं. आणि तो वेळ माझ्याकडे होता, कारण शीट काही पहाटेपर्यंत संपणार नव्हती.

मग अशा लांब गाण्यांची ओढच लागली. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावत, म्हणून प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्या मंडळींनी अख्खी बाजू व्यापणारी गाणी रचली. जेथ्रो टलने तर १९७२ मध्ये ‘थिक ॲज अ ब्रिक’ हे एकच गाणं दोन्ही बाजूंवर पसरवलं. त्याच वर्षीचं येस या बँडचं ‘क्लोज टू द एज’ मला सर्वांत प्रिय. आधी पक्षी आणि वाहतं पाणी, मग सगळी वाद्यं एकदम अंगावर येतात आणि बऱ्याच वेळाने रिक वेकमनचा चर्च ऑर्गन घुमतो. त्या ऑर्गनपाशी माझं पेन्सिल धरलेलं बोट दर वेळी थांबायचं. एवढा वेळ वाट पाहिल्याशिवाय तो ऑर्गन तसा लागतच नाही. तेवढाच भाग काढून ऐकला तर हाताला काही लागत नाही, हे मी आजही भांडून सांगेन.

रूममेट सांगलीचा, लहानपणापासून तबला शिकलेला. त्याला हे सगळं गोंगाट वाटायचं. एकदा पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ लागलं होतं, १९७३ च्या ‘डार्क साइड ऑफ द मून’मधलं. तो जर्नल लिहीत होता. अचानक पेन खाली ठेवून ड्रॉइंग बोर्डवर बोटं वाजवायला लागला.

“अरे, सात मात्रा आहेत की! रूपक धर.”

“मग रूपकच म्हण ना.”

“नाही रे, रूपकात पहिल्या मात्रेवर खाली असते. हा तर पहिलीवरच जोर देतोय.”

सॅक्सोफोन संपला, गिटार सुरू झाली आणि चाल चारांत आली. “आता केरव्यात आला,” म्हणून तो खूश. गिटारनंतर सात मात्रा परतल्या तेव्हा मान डोलावून त्याने समेवर बोर्डवर थाप मारली. त्या दिवसापासून आवाज कमी कर असं तो कधी म्हणाला नाही.

डिसेंबर २००९ मध्ये पॉर्क्युपाइन ट्री हा प्रोग्रेसिव्ह रॉक बँड मुंबईला आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात येणार असं कळल्यावर आम्ही दोघंही निघालो. कांजूरमार्गला उतरून पवईपर्यंत त्याची बडबड मात्रांचीच. तिथल्या गर्दीत मला आमच्यासारखेच चेहरे दिसले: आपापल्या खोलीत, हेडफोन लावून, प्रत्येक वळण पाठ करून आलेले. एखाद्या गाण्याची पहिली तार छेडली गेली की अनोळखी माणसं एकमेकांकडे बघून हसायची. एवढे लोक हे ऐकतात, हेच आम्हाला नवं होतं.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिताना मी त्याला किंग क्रिम्सनचं ‘स्टारलेस’ ऐकवलं, १९७४ चं. मध्यभागी गिटार जवळजवळ एकाच सुराला धरून बसते आणि खाली तेरा मात्रांचं आवर्तन फिरत राहतं. त्याने मोजलं, पुन्हा मोजलं. त्याला येणाऱ्या कुठल्याच तालात ते बसेना. मग रिपोर्ट बाजूला सारून त्याने स्वतःच तेरा मात्रांचा एक ठेका बांधायला घेतला आणि मला तो भाग पुन्हा पुन्हा मागे न्यायला लावला. जमला तेव्हा कोपऱ्यातला तबला बाहेर काढून त्याने तो गाण्याबरोबर वाजवला. शेजारच्या खोलीतली पोरं दारात येऊन उभी राहिली आणि काय वाजवतोयस म्हणून विचारायला लागली.